तेहतीस अनारसे आणि सहा प्रश्न: केंब्रिजच्या गणित-प्रवेशाचे एक प्रकरण

मुलुंडला राहणाऱ्या आणि केंद्रीय बोर्डाच्या शाळेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या पदवीसाठी अर्ज केला. जानेवारी २०२४ च्या अखेरीस तिला सशर्त प्रवेश देऊ करण्यात आला, आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या निकालात एका पेपरातल्या एका श्रेणीने तो हुकला. या काळात तिला गणितात मदत करणारा, मुंबईतल्या एका महाविद्यालयात अनेक वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला शिक्षक या नात्याने मी हे प्रकरण अगदी जवळून पाहिले. कुटुंबाच्या संमतीने ते लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लिहिण्याचे कारण असे की, प्रवेश हुकल्यावर नातेवाइकांत आणि इमारतीत जी कारणे सांगितली गेली, म्हणजे इंग्रजी कमी पडले असेल, मुलाखतीत घाबरली असेल, परदेशी मुलांना ते लोक घेतच नाहीत, त्यांतले एकही खरे नव्हते. खरे कारण तिच्या वेळापत्रकात होते, आणि त्या वेळापत्रकाला मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

विद्यार्थिनीचे वडील राष्ट्रीयीकृत बँकेत, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, घरात आजी. अकरावीपासून घाटकोपरच्या एका क्लासमध्ये जेईईची तयारी सुरू होती. गणिताच्या ऑलिम्पियाडमध्ये ती पहिली पायरी ओलांडून प्रादेशिक फेरीपर्यंत पोहोचली आणि तिथे थांबली. म्हणजे ती अलौकिक बुद्धीची मुलगी होती असे नव्हे; एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तो सुटेपर्यंत जेवणाच्या ताटावरही बोटाने आकृत्या काढणारी मुलगी होती, आणि माझ्या अनुभवात गणिताच्या पदवीला हा गुण अधिक पुरतो.

केंब्रिज हे नाव घरात आले ते आजोबांमुळे. ते हयात नव्हते, परंतु त्यांच्या तोंडचा 'रँग्लर' हा शब्द घरात टिकून होता. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, ठरले, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि तेव्हापासून मराठीत हा शब्द रावबहादूरसारखा नावाआधी लागू लागला. गुणानुक्रमाने नावे जाहीर करण्याची ती पद्धत १९०९ नंतर बंद झाली. शेवटच्या वर्षी पहिला वर्ग मिळवणाऱ्यांना मात्र आजही तिथे रँग्लर म्हणतात. मराठी घरांत या शब्दाचे जेवढे अप्रूप आहे तेवढे खुद्द इंग्लंडमधल्या सर्वसामान्य घरांत नसावे, असे मला नेहमी वाटते. अप्रूपाचा तोटा असा की, परांजप्यांचे सेंट जॉन्स किंवा रामानुजनांचे ट्रिनिटी यांपलीकडे कोणी पाहायलाच तयार नव्हते. केंब्रिजमध्ये पदवीचे विद्यार्थी घेणारी कॉलेजे एकोणतीस आहेत, गणिताचा अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते, आणि अर्जदारांची गर्दी मात्र काही मोजक्या कॉलेजांकडे होते. शेवटी तिने जे कॉलेज निवडले त्याचे नाव घरात आधी कोणी ऐकलेलेही नव्हते.

अर्ज

इंग्लंडमधल्या विद्यापीठांचे अर्ज यूकास या एकाच यंत्रणेतून जातात. त्यात पाच पर्याय भरता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी मात्र एका वर्षी एकच निवडता येते, आणि या दोन्हींची मुदत इतरांच्या कितीतरी आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर संपते. बारावीच्या मुलांची तेव्हा सहामाही चालू असते आणि क्लासमध्ये जेईईच्या पहिल्या सत्राची घाई असते. अर्जाचे तीन भाग महत्त्वाचे: शाळेने द्यायचे अपेक्षित गुण, शिक्षकांचे संदर्भपत्र आणि विद्यार्थ्याचे निवेदन, ज्याला तेव्हा मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरांची मर्यादा होती.

निवेदनाचा पहिला मसुदा मी वाचला तेव्हा तो वाईट नव्हता, पण तो कोणाचाही असू शकला असता. लहानपणापासून आकड्यांची आवड, शून्याचा शोध भारतात लागला याचा अभिमान, गणित सर्वत्र आहे, रामानुजन आणि त्यांचा तो टॅक्सीचा क्रमांक. मी तिला एवढेच विचारले की, गेल्या वर्षभरात परीक्षेत नसलेला कोणता प्रश्न तू आपणहून सोडवायला घेतलास. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सर, अनारशांचा घेतला होता, पण ते लिहिण्यासारखं नाहीये."

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून आजी पीठ आंबवत बसली होती आणि म्हणाली की, यंदा पुन्हा श्रावणच आला, तुझ्या बाबांच्या पहिल्या धोंड्यासारखा. तो पहिला धोंडा २००४ चा, आणि तेव्हाही अधिक श्रावणच होता. मुलीने दोन प्रश्न विचारले. तेहतीसच का? आणि एकोणीस वर्षांनी तोच महिना का? पहिल्याला आजीने 'पद्धत आहे' असे उत्तर दिले, दुसऱ्याला कोणीच दिले नाही. तिने वर्षाचे दिवस ३६५.२४२२ आणि चांद्रमासाचे २९.५३०६ घेऊन भागाकार केला. उत्तर आले १२.३६८३, म्हणजे दर सौर वर्षी बारा चांद्रमास होऊन सुमारे ०.३६८३ इतका महिना शिल्लक राहतो. ही शिल्लक साठून पूर्ण महिना व्हायला सुमारे साडेबत्तीस सौर महिने लागतात, आणि तेहतीस हा आकडा त्याच्या अगदी शेजारचा. मग तिने त्या ०.३६८३ ला सोप्या अपूर्णांकांनी गाठायचा प्रयत्न केला: उरलेला भाग उलटा करायचा, त्यातला पूर्णांक बाजूला ठेवायचा, पुन्हा उरलेला भाग उलटा करायचा. या रीतीला कंटिन्यूड फ्रॅक्शन म्हणतात हे तिला नंतर कळले. तिला १/२, १/३, ३/८, ४/११ आणि ७/१९ हे अपूर्णांक मिळाले, आणि शेवटच्या अपूर्णांकात तिला आजीच्या प्रश्नाचे उत्तर दिसले: एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, आणि मग चक्र जवळजवळ पहिल्या जागी परत.

मी तिला एक दुरुस्ती सुचवली. आपले पंचांग निरयन आहे, म्हणजे सूर्य ताऱ्यांच्या संदर्भात पुन्हा त्याच जागी येतो तो काळ वर्ष धरला जातो, आणि तो ३६५.२५६४ दिवसांचा आहे. तो घेतल्यावर भागाकार १२.३६८७ आला आणि गंमत अशी झाली की, मधला ४/११ नाहीसा झाला. १/२, १/३, ३/८ यांच्यानंतर थेट ७/१९ आला. दिवसाच्या दुसऱ्या दशांश स्थळावरच्या फरकाने यादीतला एक अपूर्णांक गळतो आणि ७/१९ मात्र दोन्हीकडे टिकतो, याचे कारण काय, हा तिचा स्वतःचा तिसरा प्रश्न. निवेदनाचा अर्ध्याहून अधिक भाग या तीन प्रश्नांवर लिहिला गेला, टॅक्सीचा क्रमांक गेला आणि शून्याचा अभिमानही गेला. गणिताच्या निवेदनात आवड जाहीर करून काही साधत नाही असे माझे मत आहे. वाचणारा स्वतः गणिती असतो आणि त्याला प्रश्न दिसला पाहिजे.

संदर्भपत्राचे प्रकरण अधिक अवघड गेले. शाळेतून परदेशी अर्ज जात होते ते बहुतेक व्यवस्थापन आणि संगणकाचे, आणि त्यांच्यासाठी ठरलेला नमुना होता: विद्यार्थिनी हुशार, नम्र, शिस्तप्रिय, सहकार्य करणारी. गणिताच्या बाईंचा यात दोष नव्हता. साठ मुलांच्या वर्गात कोणी काय विचार केला याची नोंद ठेवण्याची सवय कोणत्याच शाळेला नसते. मी आणि तिची आई बाईंना भेटलो. बाईंनी वहीवरून आठवून दोन प्रसंग सांगितले, त्यांपैकी एक असा की, पाठ्यपुस्तकातल्या एका उदाहरणात भाजकाची किंमत शून्य होऊ शकते हे या मुलीने वर्गात दाखवले होते आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी ते उदाहरण वर्गासमोर दुरुस्त केले होते. हे पत्रात लिहायला बाई प्रथम तयार नव्हत्या, कारण त्यात त्यांची चूक दिसते. पण अखेर त्यांनी ते लिहिले, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रातले तेच वाक्य कामाचे होते. मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज गेला.

मुलाखती

डिसेंबरमध्ये दोन मुलाखती झाल्या, दोन्ही ऑनलाइन, प्रत्येकी सुमारे अर्ध्या तासाच्या, टॅबलेटवर लिहायचे आणि समोरच्याला ते दिसायचे अशा पद्धतीने. घरच्यांना भीती होती ती इंग्रजीची. वास्तविक या मुलाखतींत स्वतःविषयी बोलायला जवळजवळ वेळच मिळत नाही. फळ्यावर गणित करायचे आणि करताना मोठ्याने विचार करायचा असतो, आणि त्याला लागणारे इंग्रजी फारच थोडे.

पहिल्या मुलाखतीत निवेदनातले अपूर्णांकच पुढे आले. प्रश्न असा होता की, यादीतले लगतचे दोन अपूर्णांक घेऊन तिरका गुणाकार केला तर काय दिसते. ३/८ आणि ७/१९ घेतले तर तीन गुणिले एकोणीस म्हणजे सत्तावन्न, आठ गुणिले सात म्हणजे छप्पन्न, फरक एक. १/३ आणि ३/८ घेतले तर आठ आणि नऊ, फरक पुन्हा एक, चिन्ह उलटे. हे नेहमीच घडते का, आणि घडत असेल तर सिद्ध करून दाखव. ही सिद्धता मॅथेमॅटिकल इंडक्शनने, म्हणजे विगमनाने, चार ओळींत होते: प्रत्येक नवा अपूर्णांक मागच्या दोघांपासून ज्या नियमाने बनतो तो नियम घालून पाहिला की नवा फरक हा जुन्या फरकाचा फक्त चिन्ह बदललेला अवतार असतो.

आता थोडे विषयांतर, पण ते आवश्यक आहे. एनसीईआरटीने करोनानंतर अभ्यासक्रम हलका केला तेव्हा अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातून जी प्रकरणे गेली, त्यांत मॅथेमॅटिकल इंडक्शन आणि मॅथेमॅटिकल रीझनिंग ही दोन होती. म्हणजे सिद्धता म्हणजे काय हे शिकवणारीच दोन प्रकरणे. आमची विद्यार्थिनी नेमकी त्याच वर्षी अकरावीत होती. याउलट आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात इंडक्शन आहे, आणि बारावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण मॅथेमॅटिकल लॉजिकचे आहे. ज्या बोर्डाला या शहरातले पालक 'साधे बोर्ड' म्हणून नाक मुरडतात त्याची ही पुस्तके तिने डोंबिवलीच्या मावसभावाकडून आणली आणि दिवाळीच्या सुट्टीत ती दोन प्रकरणे पूर्ण केली. पहिल्या मुलाखतीत तिला तारले ते बालभारतीने, असे मी तिच्या वडिलांना म्हणालो तेव्हा त्यांना तो विनोद वाटला.

दुसऱ्या मुलाखतीतला प्रश्न मला अजून आवडतो. असे एखादे फल, म्हणजे फंक्शन, असू शकेल का, जे कोणत्याही वास्तव संख्येवर दोनदा लागोपाठ चालवले की तीच संख्या चिन्ह बदलून परत मिळते? ती आधी घाईने 'नाही' म्हणाली. का नाही, असे विचारल्यावर तिने आलेख काढायला सुरुवात केली आणि आलेख काढताना तिच्या लक्षात आले की, आपण फल संतत आहे, म्हणजे त्याच्या आलेखात कुठे तुटणे नाही, असे गृहीत धरत आहोत. तिने ते गृहीतक उघडपणे सांगितले. मग युक्तिवाद असा चालला: दोनदा चालवून मिळणारे उत्तर प्रत्येक संख्येसाठी वेगळे असते, म्हणून मूळ फलही दोन वेगळ्या संख्यांना एकच उत्तर देऊ शकत नाही, असे फल संतत असेल तर ते सतत वाढते तरी असते किंवा सतत घटते तरी, वाढते फल दोनदा चालवले तर वाढतेच, आणि घटते दोनदा चालवले तरीही वाढते, पण चिन्ह बदलणे ही क्रिया घटती आहे, म्हणून असे संतत फल असू शकत नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारले, आणि संतत नसले तर? तिने एकापासून सुरुवात केली: एकाचे दोन, दोनाचे उणे एक, उणे एकाचे उणे दोन, उणे दोनाचे पुन्हा एक, असे चार जणांचे चक्र. शून्य स्वतःलाच जाईल. उरलेल्या सगळ्या संख्यांची अशीच चार-चारांची मंडळे करता आली की झाले. वेळ संपला तेव्हा ती धन संख्यांच्या जोड्या कशा लावाव्यात इथपर्यंत आली होती. संध्याकाळी तिने मला पूर्ण उत्तर पाठवले: शून्याच्या पुढे एकापर्यंतच्या संख्येत एक मिळवायचा, एकाच्या पुढे दोनापर्यंतच्या संख्येतून एक वजा करून चिन्ह बदलायचे, पुढच्या प्रत्येक दोनाच्या पट्ट्यात तेच करायचे आणि ऋण बाजूला त्याचे प्रतिबिंब घ्यायचे.

आईला वाटले, पहिलेच उत्तर चुकले म्हणजे संपले. मला उलट वाटले, आणि जानेवारीच्या अखेरीस पत्र आले.

अट

पत्रातली अट दुहेरी होती: बारावीच्या मुख्य विषयांत नव्वदीच्या वर गुण, आणि केंब्रिजच्या गणित-प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या स्टेप या वेगळ्या परीक्षेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पेपरांत किमान पहिली श्रेणी. केंब्रिज गणिताला दरवर्षी साधारण अडीचशे विद्यार्थी घेते; प्रस्ताव मात्र त्याहून बरेच अधिक देते, कारण त्यांतले पुष्कळ जण स्टेपमध्ये गळतात हे त्यांच्या हिशेबात धरलेले असते. म्हणजे जानेवारीतले पत्र हा प्रवेश नसून चाळणीत उभे राहण्याचे निमंत्रण असते. घरात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी ते खाल्ले, आणि हे वाक्य तेव्हा जितक्या स्पष्टपणे सांगायला हवे होते तितके सांगितले नाही.

स्टेपचा प्रत्येक पेपर तीन तासांचा आणि बारा प्रश्नांचा असतो: आठ शुद्ध गणिताचे, दोन यामिकीचे, दोन संभाव्यता व सांख्यिकीचे. कितीही सोडवा, उत्तम सहा धरले जातात, प्रत्येकी वीस गुण. चार प्रश्न जवळजवळ पूर्ण सुटले तर साधारणपणे पहिली श्रेणी हाती येते. त्या वर्षीच्या जेईई मेनमध्येही तीनच तास होते, आणि त्यात पंच्याहत्तर प्रश्न सोडवायचे होते. एका प्रश्नाला अडीच मिनिटेसुद्धा नाहीत आणि दुसरीकडे एका प्रश्नाला अर्धा तास. अडीच मिनिटांच्या परीक्षेत शहाणपण असे की, अडले की सोडून पुढे जायचे. अर्ध्या तासाच्या परीक्षेत अडल्यावरच काम सुरू होते. दोन वर्षे ज्या हाताला पुढे पळण्याची सवय लावली, तो हात फेब्रुवारीत सराव पेपर लिहिताना दहाव्या मिनिटाला प्रश्न सोडत होता.

दुसरा दोष लेखनाचा. एका प्रश्नाचे तिचे अंतिम उत्तर बरोबर होते आणि मी वीसपैकी सात गुण दिले. तिला ते अन्यायाचे वाटले. प्रश्नात एक अट आवश्यकही आहे आणि पुरेशीही आहे हे दाखवायचे होते. तिने समीकरणाखाली समीकरण मांडत नेले होते, मध्ये एकही शब्द नाही, आणि त्यातून फक्त एकाच दिशेची सिद्धता होत होती. एके ठिकाणी शून्य असू शकणाऱ्या राशीने भागही दिला होता, म्हणजे वर्गात बाईंची जी चूक हिने दाखवली तीच. मी तिला एक नियम घालून दिला: कोणत्याही दोन ओळींमध्ये 'म्हणून', 'कारण' किंवा 'म्हणजेच' यांपैकी एक शब्द लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. 'म्हणून' लिहिले तर वरची ओळ खालचीला जन्म देते, 'कारण' लिहिले तर खालची वरचीला आधार देते, आणि 'म्हणजेच' लिहायचे असेल तर दोन्ही दिशा तपासून मगच. बाणांची चिन्हे ती नक्षीसारखी काढत होती. मराठी शब्द खोटे लिहिताना मात्र हात अडखळतो. महिनाभरात तिच्या वह्या वाचनीय झाल्या. याचा लाभ मे महिन्यात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेत झाला, जिच्या दुसऱ्या भागात सविस्तर सिद्धता लिहाव्या लागतात. तिथे तिची निवड झाली.

खर्चाचा विषय थोडक्यात. त्या वेळी ब्रिटिश विद्यार्थ्याला वर्षाला ९,२५० पौंड शुल्क होते आणि परदेशी विद्यार्थ्याला गणितासाठी त्याच्या सुमारे तिप्पट, राहणे-जेवणे वेगळे. म्हणजे केवळ शुल्कच वर्षाला पाव कोटी रुपयांच्या वर, आणि संपूर्ण काळाचा खर्च कुठून येणार हे कॉलेजला आधी लेखी दाखवावे लागते. परदेशी शिक्षणाच्या मदतीसाठी मुंबईत सगळ्यांना आठवणारे नाव म्हणजे १८९२ पासून चालत आलेले जे. एन. टाटा एन्डॉमेंट; पण ते पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. वडिलांनी राहत्या घरावर कर्ज काढण्याची कागदपत्रे तयार केली. त्यानंतर त्यांनी मला विचारले की, एवढे करून ऐन वेळी स्टेप हुकली तर मुलीच्या हातात काय राहील. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर म्हणून जेईई ॲडव्हान्स्ड २६ मेपर्यंत चालू ठेवायचे ठरले. मी होकार दिला. माझी चूक झाली ती इथे.

कारण अडचण दुसऱ्या पेपराची नव्हतीच. तिसऱ्या पेपराला ब्रिटिश शाळांतला फर्दर मॅथेमॅटिक्स हा जादा विषय पूर्ण गृहीत असतो: हायपरबोलिक फले, ध्रुवीय निर्देशक, द्वितीय कोटीची विकलक समीकरणे, संमिश्र संख्यांची घाते व मुळे. यांपैकी बहुतेक भाग आपल्या बारावीच्या पलीकडचा आहे. तो अवघड नाही, पण अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि आमच्या वेळापत्रकात बोर्डाची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला संपल्यावर त्याला मिळाले ते जेईईच्या फटींतले सात आठवडे आणि त्यानंतरचा जून. हे सगळे अकरावीच्या उन्हाळ्यात, म्हणजे मे २०२३ मध्ये, सुरू करता आले असते. तेव्हा 'आधी अर्ज तर जाऊ दे' असे मी म्हणालो होतो. जेईईने एक खरी देणगीही दिली हे नोंदवायला हवे: भौतिकशास्त्राच्या तयारीमुळे यामिकीचे दोन प्रश्न तिला घरचे वाटत, आणि पुष्कळ ब्रिटिश मुले त्या प्रश्नांकडे वळतही नाहीत.

स्टेपची नोंदणी उमेदवाराला थेट करता येत नाही. मान्यताप्राप्त केंद्रामार्फतच करावी लागते. तिच्या शाळेने नकार दिला, दुसऱ्या एका संस्थेने होकार देऊन नंतर चार ई-मेलांना उत्तर दिले नाही, आणि तिसरीकडे काम झाले. या धावपळीत आईची तीन आठवड्यांची रजा गेली.

१३ मे रोजी बोर्डाचा निकाल लागला, ती अट सहज पूर्ण झाली. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये ती पात्र ठरली, पण तिला हव्या असलेल्या ठिकाणी गणित मिळेल असा क्रमांक आला नाही. जूनमध्ये स्टेपचे दोन्ही पेपर झाले. दुसऱ्या पेपरानंतर तिने फोनवर सहाही प्रश्न मला शब्दशः सांगितले. तिसऱ्यानंतर संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. मग ती म्हणाली की, यामिकीचे दोन्ही आणि शुद्ध गणितातला एक पूर्ण झाला, पण ध्रुवीय निर्देशकांचा प्रश्न पंचवीस मिनिटे देऊन अर्धवट सोडला, कारण पुढचा मार्ग दिसत होता आणि हात चालत नव्हता. उरलेले दोन तुकड्यातुकड्यांनी. ते ऐकल्यावर मी निकालाची वाट पाहण्याचे फारसे कारण उरले नाही असे मनाशी धरले आणि तिला तसे म्हटले नाही.

चेन्नईची जागा सोडायची नाही हे आम्ही मेमध्येच ठरवले होते, आणि या प्रकरणात आम्ही अचूक घेतलेला निर्णय हाच. ऑगस्टच्या मध्याला ती सिरुसेरीच्या वसतिगृहात होती. झेंडावंदन होऊन गेल्यावर दुपारी निकाल आला: दुसऱ्या पेपरात पहिली श्रेणी, तिसऱ्यात दुसरी. काठावरच्या उमेदवारांचा कॉलेजे फेरविचार करतात, म्हणून वडिलांनी ई-मेल पाठवला. सौजन्यपूर्ण नकार दुसऱ्या दिवशी आला. घरावरच्या कर्जाची कागदपत्रे बँकेतून परत घेतली गेली.

तिच्या शाळेतून पुढच्या वर्षी गणितासाठी आणखी एक अर्ज जाणार होता. संदर्भपत्र लिहिण्याचे काम पुन्हा त्याच बाईंकडे होते. या वेळी त्यांनी मला फोन केला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि मुलगा बारावीत नुकताच गेला आहे, तर हायपरबोलिक फलांना आतापासून सुरुवात केली तर चालेल का, असे विचारले.